मागच्या भिंतीतलं भोक

भिंतीत भोक दिसलं की मिस्त्रींचे हात शिवशिवायचे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहा येईपर्यंत यांचं बोट कुठल्यातरी फटीत गेलेलं असायचं. उभा जन्म गवंडीकामात गेला आणि एका गोष्टीचा त्यांना भारी ताठा होता. आपण केलेलं काम आपण कधी फोडलं नाही. इतर गवंडी फोडायचे, पुन्हा करायचे, मालकाची बोलणी खायचे. मिस्त्री ओळंबा सोडायचे, एक डोळा मिटायचे आणि वीट बसवायचे. बसली की बसली.

बोलणं मात्र त्यांच्या अगदी जिवावर यायचं. बायकोने विचारावं, आज काम कुठवर आलं? यांनी म्हणावं, झालं. भाजी कशी झालीय? बरी. मिठाची गुळणी धरावी तसा माणूस. लेक नोकरीसाठी शहरात गेल्यावर घरात आवाज असा बायकोचा एकटीचाच उरला. तीही बिचारी संध्याकाळी थोडा वेळ बोलायची आणि मग आपली गप्प बसायची.

घर गावाबाहेर, शेतांच्या कडेला. स्वतःच बांधलेलं. मागे लहानसं अंगण, त्यात एक तुतीचं झाड. मागच्या भिंतीत, डोक्याच्या जरा वर, एक भोक होतं. काम चालू असताना परांचीचा वासा अडकवायला अशी भोकं ठेवतात आणि शेवटी बुजवतात. मिस्त्रींनी बाकीची बुजवली, हे एक बायकोने बुजवू दिलं नाही. थापी घेऊन गेले की म्हणायची, "राहू द्या की हो एक." का, ते तिने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. बाईमाणसाची लहर, असं मनाशी ठरवून ते मोकळे झाले.

हिवाळा लागता लागता ती गेली. दुपारी जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही. माणसं आली, गेली. लेक महिनाभर राहिली, बाबा चला म्हणून खनपटीला बसली आणि शेवटी कंटाळून एकटी परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी घर इतकं शांत होतं की मिस्त्रींना काय करावं कळेना. मग जे येत होतं ते केलं. घमेल्यात माल कालवला, स्टूल घेतलं आणि आत न डोकावताच मागच्या भोकाचं तोंड बुजवायला लागले. शेवटची थापी हातात धरून ते थोडा वेळ तसेच थांबले. आतून कुणीतरी 'राहू द्या की हो' म्हणेल, असं वेड्यासारखं वाटलं. कुणी म्हणालं नाही. त्यांनी माल दाबून बसवला.

थंडी ओसरली तशी भिंतीवर टकटक सुरू झाली. बाहेर येऊन बघतात तर काळ्या डोक्याचं, पांढऱ्या गालांचं, चिमणीएवढं पाखरू गिलाव्याला लटकून चोच मारतंय. हाकललं तर तुतीवर जाऊन बसायचं आणि पाठ वळली की परत यायचं. शेजारीण दूध द्यायला आली होती, तिने भिंतीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"दादा, ते बुजवलंत? आता वहिनींचं पाखरू कुठे जाणार?"

मग तिच्याकडून सगळं कळलं. मिस्त्री कामाला गेले की वहिनी मागच्या पायरीवर केस विंचरत बसायच्या. दर वर्षी त्या भोकात घरटं व्हायचं आणि वहिनींचं त्या पाखराशी बोलणं चालायचं, चांगलं ऊन वर येईपर्यंत.

"काय बोलायची?" मिस्त्रींनी विचारलं.

"काय म्हणजे? तुम्हाला सांगायचं असायचं तेच."

शेजारीण गेली. मिस्त्रींनी दुधाचं भांडं आत नेऊन ठेवलं. मग त्यांनी छिन्नी-हातोडा काढला. स्वतःचं काम फोडायची ही पहिलीच वेळ, आणि काम काही हलक्या हाताचं नव्हतं. गिलावा दगडासारखा धरला होता. आपल्या पक्क्या कामाचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा राग आला. दुपार कलली तेव्हा आत हात जाईल एवढी वाट झाली.

आत जुनं घरटं होतं. शेवाळ, सुकं गवत, थोडी लोकर. आणि मधोमध, अंडी ठेवायच्या जागी, लांब लांब केस गोल गुंडाळून मऊ गादी केलेली. थोडे काळे, बरेच पांढरे. तिला निरोप देताना मिस्त्री रडले नव्हते. आता स्टुलावर उभं राहून, एक हात भिंतीत, लहान मुलासारखे रडले. केस घरात नेऊन जपून ठेवावेत असं फार वाटलं. पण नेले नाहीत. वरची सिमेंटची धूळ फुंकली आणि घरटं होतं तसं आत सारलं.

आता पाखरू येईना. हातोड्याच्या आवाजाने बिथरलं असावं. मिस्त्री रोज सकाळी पायरीवर बसून वाट बघायला लागले. ते पाखरूही गेलं तर तिचं बोलणं ऐकलेलं या घरात कुणीच उरणार नव्हतं. वाट बघता बघता त्यांना अंगण दिसायला लागलं. एवढी वर्षं त्यांनी इथली फक्त भिंत पाहिली होती. मुंग्या आपल्याहून मोठी पाकळी ओढत पायरी चढायच्या, मधेच पाडायच्या, पुन्हा उचलायच्या. कोळ्याच्या जाळ्यावर दव अडकायचं आणि ऊन आलं की कोळी ते एकेक पाय झटकत ओलांडायचा. तुतीच्या सुक्या काडीला हिरवे कोंब फुटले. हे सगळं कुणालातरी सांगावं असं त्यांना वाटायला लागलं. मान वळवून घरात बघायचे. घरात कुणी नसायचं.

एका सकाळी पाखरू आलं. भोकाच्या काठावर बसलं, आत डोकावलं, उडालं आणि चोचीत शेवाळ घेऊन परत आलं. मिस्त्री हललेसुद्धा नाहीत. कालपासून तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे आवाज खरखरीत आला.

"मीच बुजवलं होतं," ते म्हणाले. "चुकलं माझं."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, आणि जिने ऐकायला हवं होतं ती पायरीवर नव्हती. पाखरू आत गेलं. मिस्त्रींनी घसा साफ केला आणि तुतीला कोंब फुटल्याचं सांगायला घेतलं.