नॅश गाडीतलं अंथरूण

नाव: दीपेश काळूराम मढवी. वय अठ्ठेचाळीस. राहणार टेमघर, भिवंडी. बांधा मध्यम, वर्ण सावळा, डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा व्रण. व्यवसाय: बंद पडलेल्या अमेरिकी कंपन्यांच्या जुन्या मोटारी शोधणे व विकत घेणे. सदर इसमाच्या जाण्यायेण्यामुळे कोणाच्याही जीवितास धोका असल्याचे आढळून आलेले नाही. एकदा पसंत पडलेली वस्तू सदर इसम सोडत नाही.

जीविताच्या मुद्द्यावर भिवंडीत एकमत नाही. स्टुडबेकर, पॅकार्ड, हडसन असल्या गाड्या ज्यांच्या आवारात उरल्या आहेत ती माणसं म्हातारी असतात, आणि म्हातारा असेतो गाडी विकू देत नाही. दीपेश येतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो, चहा पिऊन जातो. पुढे केव्हातरी त्या घरात मयत होते आणि गाडी त्याच्याकडे येते. यात त्याचा हात नसतो. तरी नारपोलीच्या एका लूमवाल्याने त्याला उंबऱ्याबाहेरच थोपवलं होतं. "दीपेशभाई, अब्बा अभी दो रोटी खाते हैं. आप आगे देखो."

नॅश ही असलीच एक गाडी त्याला मानकोलीच्या पुढे सापडली. एका सुताच्या व्यापाऱ्याची जुनी आमराई होती, व्यापारी वारला होता. वारसांनी जमीन गोदामवाल्यांना दिली आणि शेडमधली गाडी दीपेशला लिहून दिली. राखणदार नवशा, त्याची बायको मैना आणि आई कमळ या दोन्ही व्यवहारांत कुठे धरलेली नव्हती.

चाकं अर्धी गाडीच्याच पत्र्याआड, अंग पालथ्या घमेल्यासारखं फुगीर. कंपनीचं नाव सत्तावन्न सालीच पुसलं गेलं. पण या गाडीत एक गंमत होती. पुढच्या सीटची पाठ मागे पाडली की ती मागच्या सीटला टेकून सपाट बिछाना व्हायचा. ती दीपेशकडून घ्यायला टपलेल्या पुण्याच्या गिऱ्हाइकाने फोनवर एकच विचारलं होतं, सीटा मूळच्याच आहेत ना? दीपेश अशी गाडी बावीस वर्षं शोधत होता. त्याने दार उघडलं. बिछाना पाडलेला होता आणि त्यावर कमळ निजली होती. खोपटात ओल यायची, गाडीत येत नव्हती, म्हणून दोन वर्षं ती तिथेच होती.

"गाडी तुमचीच हाय, शेठ," नवशा म्हणाला. "म्हातारी उतरली का न्या."

"आणि नाही उतरली तर?"

"मंग सीट मिलनार न्हाय. आमच्यात मेल्याचं हातरूण ठेवत न्हाय. मसनात जातं त्याच्यासंगं."

"अरे, सीट म्हणजे काय हातरूण?"

"निजली ना तिच्यावर."

दीपेशच्या घरीही तसंच होतं. फक्त तिथे माणूस जायला लागलं की त्याला भुईवर घेत. त्याने नवशाला तेच सुचवलं. श्वास बदलला की खाली घ्यायची. नवशाने बराच विचार केला. "भुईवर गेली तर सीटला काय लागनार न्हाय," तो म्हणाला. "पन दिवसा आम्ही दोघं पलीकडच्या गोदामात ड्युटीला. बघनार कोन?"

मग दीपेश रोज येऊ लागला. ग्लुकोज आणलं, डॉक्टर आणला, लोखंडी खाट आणली. ज्याच्या येण्याने म्हातारी माणसं अस्वस्थ होत, तो एका म्हातारीला जगवायला उन्हातान्हात धडपडत होता. टेमघरात लोक हसले. मैना हसत नव्हती. तो आला की त्याची दृष्ट लागू नये म्हणून ती सासूच्या तोंडावरून पदर फिरवायची.

खाटेवर कमळ जेमतेम दुपारभर राहिली. "हाडं टोचत्यात," म्हणाली आणि परत गाडीत गेली.

"आये, इथं जीव गुदमरतो तुझा," दीपेश म्हणाला.

"माजा न्हाय गुदमरत. तुजा गुदमरतो." मग तिने विचारलं, "ही गाडी बनवली ते कुठं हायेत?"

"ते गेले. कंपनीच मेली ती."

"मंग त्यांचं हातरूण कोनी टाकलं न्हाय?"

"नाही."

"म्हनून तू फिरतोस," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

आमराईच्या एका टोकाकडून जेसीबी झाडं पाडत शेडकडे सरकत होता. गेल्या आठवड्यात ऐकू येई तो फक्त त्याचा आवाज. आता मुळं तुटायची ती पायांना कळायची. एका दुपारी दीपेश गाडीच्या दाराशी बसून तिच्या श्वासावर कान ठेवून होता. शेजारचं झाड पडायला लागलं तसा मशीनचा आवाज एवढा वाढला की त्याला स्वतःचा श्वासही ऐकू येईना. मशीन थांबली. झाड पडलेलं होतं. गाडीतून काहीच आवाज येत नव्हता.

शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. त्याने तिच्या मानेखाली आणि गुडघ्यांखाली हात घातले. ती रिकाम्या पोत्याएवढी हलकी होती. त्याने तिला उचलून खाली भुईवर ठेवलं, लुगडं सारखं केलं, आणि सीटवरची वाकळ झटकून घडी घालून बाजूला ठेवली.

नवशा आणि मैना आली तेव्हा तो उभाच होता. मैना खाली बसली आणि सासूच्या पायांना हात लावून रडू लागली. नवशा आधी आईकडे बघत राहिला, मग सीटकडे.

"भुईवर गेली?" त्याने विचारलं.

दीपेशने हो म्हणायला तोंड उघडलं. मैना रडायची थांबून त्याच्याकडे बघत होती.

"गाडीत गेली," तो म्हणाला. "मी मागाहून उतरवली."

पाड्यावरची माणसं जमली, बांबू आले. एकाने सीट काढायला खालच्या बोल्टला पाना लावून पाहिला, तो नुसताच फिरला. अमेरिकी बोल्ट इंचाच्या मापाचे; आपल्याकडचे मिलिमीटरचे पाने त्यांना धरत नाहीत. नवशाने दीपेशकडे पाहिलं.

इंचाचे पाने दीपेशच्या टेम्पोत होते. बोल्ट त्यानेच खोलले.