चहा टाक जरा

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईला तिच्या घरात ‘नळ’ म्हणत. नाव तिच्या दादानं ठेवलेलं, लहानपणीच, कारण जरा काही झालं की तिचे डोळे वाहायला लागत. शेजारचं मांजर हरवलं तरी ही रडणार आणि सापडलं तरी रडणार. मग दादा म्हणायचा, नळाला पाणी आलं, बादल्या भरून घ्या. सगळे हसायचे. तीही हसायची, डोळे पुसत.

ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. चेन बदलणं, बाही आखूड करणं, असली कामं. एकदा एक गृहस्थ तीच पँट दुसऱ्यांदा कंबर आत घ्यायला घेऊन आले. हिनं टेप हातात घेतली आणि हळूच विचारलं, जेवण जात नाही का? ते स्टुलावर बसले आणि बायको गेल्यापासूनचं सगळं बोलले. दोघंही रडले. मालकानं कपाळाला हात लावला. पण त्या गृहस्थांनी पुन्हा दुसऱ्या दुकानाची पायरी चढली नाही, हेही मला मालकानंच सांगितलं.

घरात मात्र तिच्या या स्वभावावर एकच औषध ठरलेलं. वाईट बातमी आली की कुणीतरी तिला म्हणायचं, “चहा टाक जरा.” ती आत गेली की बाहेर कुजबुज सुरू. आजी गेली तेव्हा, मामाला अपघात झाला तेव्हा, दादाची नोकरी सुटली तेव्हा, हिनं चहाच केला. कुणाच्या पोटात पाप नव्हतं. हिला सोसणार नाही, एवढंच. पण माणसाला सोसायची संधीच द्यायची नाही आणि वर म्हणायचं, हिला सोसत नाही, हा कुठला न्याय? आणि तिला काय कळत नव्हतं? बाहेरचे आवाज खाली आले की ती गॅस बारीक करून कान द्यायची.

बाबा तेवढे वेगळे. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, बोलणं मोजकं. ही रडायला लागली की ते पलंगावर जरा सरकायचे आणि शेजारची जागा हातानं थोपटायचे. ही जाऊन बसायची. का रडतेस असं त्यांनी कधी विचारलं नाही, गप्प बस असंही म्हटलं नाही. रडून झालं की ती उठून कामाला लागायची.

मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती तिच्याकडे परगावी गेली होती, तेव्हा बाबांना झटका आला. वाचा गेली. वहिनी म्हणाली, तिला बोलावून घ्या. मीही तेच म्हटलं. दादा ऐकेना. ती इथं येऊन कोसळली तर मी कुणाकुणाला सांभाळू, म्हणाला. रोज फोनवर तो तिला सगळं ठीक असल्याचं सांगायचा. तुझा आवाज असा का येतोय, असं तिनं विचारलं, तर सर्दी झाली म्हणाला.

बाबा गेले तेव्हा त्यानं निरोप धाडला, तोही अर्धाच. बाबांना जरा बरं नाही, ये.

ती आली तेव्हा मी तिथंच होते. वहिनीनं दार उघडलं आणि घाबरून, सवयीनं, तिच्या तोंडून निघून गेलं, “चहा टाकतेस का जरा?”

तिनं पिशवी खाली ठेवली. आत गेली नाही. बाबांच्या रिकाम्या पलंगावर जाऊन बसली. डोळ्यांत टिपूस नव्हता, आणि त्याचीच आम्हाला भीती वाटली. मग तिनं विचारलं, शेवटी काही म्हणाले का?

दादा भिंतीला टेकून उभा होता. दवाखान्यातही तो असाच सगळा वेळ उभा होता. बोलता कुठं येत होतं, म्हणाला. “नुसता हात असा करायचे.” त्यानं टेबलाची कड थोपटून दाखवली. “मी चादर बदलायला लावली, उशी बदलली. काय हवं होतं, कळलंच नाही गं.”

तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं.

“बस म्हणत होते, दादा. तुला बस म्हणत होते.”

दादाचा चेहरा कसा झाला ते सांगवत नाही. बापाजवळ बसायचं, एवढंच तर होतं, आणि तेवढंच राहून गेलं होतं.

ती पलंगावर जरा सरकली आणि शेजारची जागा हातानं थोपटली. दादा एक पाऊल पुढं आला.

“चहा टाकतो जरा,” तो म्हणाला आणि आत गेला.

आतून भांड्याचा आवाज काही आला नाही. ती तशीच बसून राहिली, शेजारची जागा मोकळी ठेवून.