दामनच्या वाटेवरचा मुक्काम

काका जाऊन बरीच वर्षं झाली. पण गव्हाणच्या माझ्या मित्राच्या घरात गेल्या महिन्यापर्यंत असंच सांगितलं जायचं, की काकांच्या सोवळ्यापायी त्याचा पाय गेला. ते खरं नाही. ती गोष्ट मी रचली होती.

नव्वदनंतरची पहिली काही वर्षं. आम्ही तिघे रविवारी पनवेलहून सायकलने निघायचो, बोरघाट चढून परत यायचो. काका शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, अंडंही न खाणारे. मित्र मिठागर आणि भातशेती करणारा. मी बँकेत कारकून. एका वर्षी दिवाळीनंतर नेपाळला जायचं ठरलं. रक्सौलपर्यंत सायकली रेल्वेने न्यायच्या आणि तिथून काठमांडूपर्यंत चालवायच्या. राहण्याच्या जागा ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण पत्रव्यवहार मला जमायचा.

अडचण एकच होती. हेटौड्यापासून दामनच्या घाटमाथ्यापर्यंत दिवसभराचा सलग चढ. मध्यावर एक लॉज होतं, माथ्यावर दुसरं. दोन्हीकडून होकार आला. माथ्यावरच्याने लिहिलं होतं की खिडकीतून हिमशिखरं दिसतात. ते वाचलं आणि मी मनात जागा नक्की करून टाकली.

पत्रं दाखवायला काकांकडे गेलो. मित्र लावणीत अडकला होता. काका म्हणाले, "मध्ये थांबू या. एका दमात तो चढ नको."

"तिथे कोंबडी-बकरं शिजतं, काका."

"शिजू दे. मी दूध-पोहे खाईन. माझ्या जेवणावरून मुक्काम ठरवू नका."

आठवड्याने मी काकांना सांगितलं, मधल्या लॉजचं दुसरं पत्र आलं, जागा नाही म्हणतात. मित्राला सांगितलं, मध्ये काकांच्या जेवणाचं अडतं. आपल्याकडे कुणाच्या खाण्या-न खाण्याचा विषय निघाला की वाद थांबतो. मला ते माहीत होतं. तो नुसता हसला. "म्हाताऱ्याच्या वरणभातासाठी डोंगर चढायचा तर. चढू."

हेटौड्यातच त्याचं पोट बिघडलं. सकाळी निघताना तोंड उतरलेलं होतं, तरी निघाला. काकांना हे कळलं नव्हतं; ते नेहमीसारखे संथ लयीत पुढे गेले. दुपार कलताना आम्ही दोघे मधल्या लॉजपाशी पोचलो. ओसरीवर चार खाटा, चारही रिकाम्या. मित्राने सायकल भिंतीला टेकवली आणि खाटेवर आडवा झाला.

"जागा हाय इथं. आज आमी नाय चढत."

काका पुढच्या वळणावर कठड्यावर बसलेले दिसत होते. त्यांनी आमच्याकडे बघून हात केला. ते दोन मिनिटांत उतरून आले असते, आणि रिकाम्या खाटा बघून पहिला प्रश्न त्यांनी मला विचारला असता. मी हात वर करून त्यांना पुढे व्हायची खूण केली. ते उठले, थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग सायकलवर बसले.

"काका पुढं गेले," मी मित्राला म्हणालो. "तिथे त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक सांगून ठेवलाय. ते एकटे पडतील."

तो खाटेवर उठून बसला. "काकांना माजं असं झालंय ते सांगितलंस?"

"सांगितलं."

हे तिसरं खोटं.

त्याने सायकल घेतली. पुढचा चढ धुक्यात होता. मी त्याच्या मागे राहिलो, सारखा त्याच्या चाकाकडे बघत. चाक डावी-उजवीकडे जात होतं. तीनदा म्हणालो, उतर, चालत जाऊ. तो पेडल मारत राहिला. अंधारून येत असताना वरून एक ट्रक आला, मित्र कडेला दबला आणि सायकलसकट गटारात गेला. दगडावर गुडघा आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. काका तेव्हा माथ्यावर पोचलेले होते; त्याच ट्रकने मी त्याला खाली हेटौड्याला नेलं.

गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. सायकल सुटली आणि चिखलात उतरून काम करणंही सुटलं. त्याने काकांशी बोलणं टाकलं. काका त्याला भेटायला गव्हाणला गेले. आधी ते त्याच्याकडे तांदळाची भाकरी मागून खायचे. त्या दिवशीही मागितली.

परत आल्यावर मला म्हणाले, "तो म्हणाला, आमच्याकडचं तुमाला चालायचं नाय, काका. असं का म्हणाला असेल?"

"पाय दुखतो, म्हणून चिडचिड होते त्याची," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. आजारी पडल्यावर त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मी तेच उत्तर दिलं. थोड्याच दिवसांत ते गेले.

गेल्या महिन्यात मी गव्हाणला गेलो आणि मित्राला सगळं सांगितलं, दोन्ही पत्रांपासून ओसरीवरच्या खाटांपर्यंत. तो काठीवर हात ठेवून ऐकत होता.

"म्हंजे काका मध्येच थांबा म्हणत होता."

"हो."

"आनि मी त्याला उंबऱ्यावरनं परत धाडला."

मी माफी मागायला लागलो तर त्याने हात वर केला. "मला नको सांगू. माज्या पोरांना मी काकांबद्दल काय काय सांगून ठेवलंय, तुला ठाव नाय."

त्याने दोन्ही मुलांना आणि सुनांना बाहेर बोलावलं. मला बस म्हणाला नाही. "आता परत सांग," तो म्हणाला. "पयल्यापासून."

मी उभ्याने सांगितलं.