टँकरवाल्याचा नंबर

रविवारी आमच्या धायरीच्या सोसायटीची मीटिंग होती. विषय एकच... प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर आणि वापराप्रमाणे बिल.

अध्यक्षांनी छापील प्रस्ताव वाटला आणि तोंडी समजावून सांगितला. प्रत्येक घराला पाण्याची रोजची मर्यादा, त्यापुढचं पाणी टँकरचं धरून दुप्पट दर. ही मर्यादा म्हणे एका 'तटस्थ' सल्लागार कंपनीने अभ्यास करून ठरवली होती. मी घरी एकटा, दिवसभर ऑफिसात... मला स्वस्तच पडणार होतं. हात वर करून मोकळा झालो.

तळमजल्यावरच्या मेश्रामताई उठल्या. मूळच्या नागपूरच्या, रिटायर्ड नर्स. यजमान दोन वर्षं अंथरुणावर आहेत, रोज चादरी धुवाव्या लागतात. एवढ्या पाण्यात आमचं भागणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या. त्यावर अध्यक्षांनी ऐकवलं की नियम सगळ्यांना सारखाच असतो.

ताईंनी वाद घातला नाही. चष्मा लावला आणि कागद शेवटपर्यंत वाचला. आमच्यापैकी कुणीच ते केलं नव्हतं... तळाशी सल्लागाराचा मोबाईल नंबर होता.

आता, आमच्याकडे टाकी रिकामी झाली की टँकरला फोन ताईच करतात, कारण दिवसा घरी त्याच असतात. उन्हाळ्यात तर दिवसातून दोनदा.

"हा नंबर तर मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "आपला टँकरवालाच आहे ना हा."

म्हणजे आम्हाला टँकर कधी लागणार, हे टँकर विकणाराच ठरवणार! मला वाटलं, अध्यक्ष निदान खाली तरी बघतील. छे...

"माझा मेहुणा आहे तो," ते शांतपणे म्हणाले. "घरचा माणूस, म्हणून तर विश्वासाने काम दिलं."

विश्वासाने! चोराच्या हाती किल्ल्या द्यायच्या आणि वर हे असं ऐटीत सांगायचं... डोकंच फिरलं. मग जो गोंधळ झाला, त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. शेवटी प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

बाहेर पडताना मी ताईंजवळही तावातावाने बोलत होतो की लोकांना स्वतःच्या फायद्यापुढे काही दिसतच नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही पण हात वर केला होता ना?" त्यांनी सहज विचारलं. "कागद वाचला होता का तुम्ही?"

नव्हता वाचला. मला स्वस्त पडणार, एवढं मात्र न वाचताही कळलं होतं...