दर्भ कापण्याचा चाकू आणि त्याचे अकरा भक्त

गेल्या वैशाखात माझ्या उजव्या तर्जनीवर तिसऱ्यांदा चिंधी बांधताना आमच्या सौभाग्यवतींनी निर्वाणीचा इशारा दिला.

"अहो, खंडेनवमीपर्यंत मुदत देते. तोवर हा चाकू नीट करून आणा, नाहीतर दुसरा आणा. नवमीला त्याची शेवटची पूजा आणि दसऱ्याला तो विहिरीत. मग तुमचं काय ते सीमोल्लंघन विहिरीच्या काठावर करा."

चूक तिची नव्हती. चाकू घडीचा होता. शिसवी मूठ, तिच्यात पितळेच्या तीन खिळ्या, टोकाशी किंचित वाकलेले पाते, आणि पाठीला पोलादाची एक कमान. उघडलेले पाते ताठ धरून ठेवणे हे या कमानीचे एकमेव कर्तव्य. चाळीस वर्षांहून अधिक काळ तिने ते निष्ठेने केले आणि मग आमच्या दोघांप्रमाणे तीही थकली. केळीचे पान कापता कापता पाते अचानक मिटे आणि मिटताना माझे बोट आत घेई.

तो टाकून देणे मला शक्य नव्हते. पाठशाळेतून निघालो त्या दिवशी गुरूंनी तो मला दिला होता. दिला असे म्हणणेही चूकच. धार असलेली वस्तू हातात देऊ नये, भांडण होते, या संकेतानुसार त्यांनी तो पाटावर ठेवला आणि मी नमस्कार करून उचलला. तेव्हापासून दर्भ, समिधा, केळीची पाने, नैवेद्याची फळे, सारे त्याच्याच पात्याखालून गेले. पात्याचे वाकडे टोक दर्भासाठीच घडवले आहे, त्यात काडी अलगद धरली जाते आणि तिचे अग्र न दुखावता ती एका ओढीत कापली जाते, हे मी शाळेत संस्कृत शिकवीत असताना विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना प्रात्यक्षिकासह दाखवले आहे. गुरूंनी मला असे काही सांगितले नव्हते. ते माझे मीच जाणले होते.

अलिबागच्या बाजारात मी कमानीसाठी चार दुकाने हिंडलो. एका दुकानदाराने चाकू उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "काका, हे मॉडेल बंद झालं. आता हे घ्या," आणि पोपटी रंगाच्या प्लास्टिकच्या मुठीची सुरी माझ्यापुढे केली. मी तिला दुरूनच नमस्कार केला.

नागावात आमच्या वाडीला लागून ज्यांची वाडी आहे ते शेजारी न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरांच्या कागदपत्रांचे काम करतात. घरच्या दोन खोल्या त्यांनी पर्यटकांसाठी ठेवल्या आहेत. एका रविवारी कुंपणापलीकडून त्यांनी माझ्या हातातला चाकू पाहिला आणि चहाचा कप माडाच्या आळ्यात सांडला.

"गुरुजी! हा तुमच्याकडे आहे? ओरिजिनल? अहो, हा मिळावा म्हणून लोक वेडे झालेत."

त्या दिवशी मला कळले की जगात घडीच्या चाकूंचा संग्रह करणारी माणसे असतात. शेजारी त्यांपैकीच एक होते. त्यांनी माझ्या मोबाइलवर खटपट करून मला त्यांच्या मंडळात दाखल केले. मंडळाचे नाव 'पातं परत आणा' आणि सभासद अकरा. जे चाकू आता कोणी बनवत नाही त्यांच्यासाठी ही मंडळी सकाळ-संध्याकाळ झुरत. अमक्या मुठीचा पुन्हा कधी निघेल, तमक्याचे पाते कसे होते, कारखानदारांना दया कशी येत नाही. भक्तिशास्त्रात ज्याला विरहावस्था म्हणतात तिची सगळी लक्षणे मला तिथे दिसली. फक्त अश्रूंच्या जागी पिवळी चित्रे पाठवली जात.

मी सर्वांना सप्रेम नमस्कार कळवला, माझ्या कमानीची व्यथा मांडली आणि पुराव्यादाखल छायाचित्र पाठवले. नुकताच फणस कापून झाला होता. मग पुण्याच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा प्रश्न आला. ते या मंडळाचे ज्येष्ठ.

"गुरुजी, पात्यावर ते पांढरं काय आहे?"

"फणसाचा चीक," मी लिहिले.

"म्हणजे तुम्ही हा वापरता?"

"चाकू आहे," मी नम्रपणे कळवले.

पंधरा मिनिटांनी अधिकाऱ्यांनी लिहिले, "मला घेरी आल्यासारखं झालं. सौ. लिंबूपाणी करतेय."

हळूहळू त्यांनी मला क्षमा केली, कारण अकरांपैकी सात जणांजवळ हाच चाकू होता आणि माझ्या छायाचित्रामुळे त्याची चर्चा नव्याने पेटली. श्रावणात शेजाऱ्यांना एका ट्रेलरचालकाकडून पत्ता लागला, की हे चाकू घडवणाऱ्या लोहारांचा मुलगा अजून आहे, उरणच्या बाजूला त्याची शेड आहे आणि आता तो चाकू सोडून ट्रेलरांचे लोखंडी आकडे जोडतो. मंडळात दिवाळी झाली. त्याला गळ घालायची, पण त्याआधी देवाला घालायची, असे ठरले. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते. त्या दिवशी अकराही जणांनी जमायचे, बाहेरगावच्यांनी शेजाऱ्यांकडे उतरायचे आणि पूजा मी आमच्या पडवीत सांगायची.

नवमीला सकाळी चौरंगावर तांबडे वस्त्र घालून मी म्हटले, "शस्त्रे मांडा." अकरा जणांनी आपापल्या पेटीतून मऊ कापडात गुंडाळलेले चाकू काढले. प्रत्येक चाकू प्लास्टिकच्या बंद पिशवीत होता.

"पिशव्या काढाव्यात," मी म्हणालो.

"गुरुजी, पिशवी उघडली की संपलं," अधिकारी कळवळून म्हणाले. "न उघडलेलीच खरी."

"मग पाती तरी उघडून ठेवा."

"पातं उघडलं की सांध्यावर रेघ उठते."

मी पळीत पाणी घेतले तर चार हात एकदम पुढे आले. "पाणी नको! गंजेल!" हळदीला हात घातला. "डाग!" शेवटी शास्त्रच मदतीला धावले. जो उपचार उपलब्ध नसेल त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात अशी सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. स्नानाऐवजी अक्षता, गंधाऐवजी अक्षता, वस्त्राऐवजी अक्षता. एवढ्या तांदळात चौघांचा भात झाला असता. रांगेच्या शेवटी माझा एकटा चाकू उघड्या पात्याने, हळदीकुंकू लावून बसला होता. यजमान हवाबंद डब्यात आणि घरचा गडी अंगणात, असे काहीसे ते दृश्य होते.

संकल्पात कामना स्पष्ट उच्चारावी लागते. बंद पडलेल्या घडीच्या चाकूची पुनर्निर्मिती व्हावी हे मी शुद्ध संस्कृतात बांधून दिले. उत्तरपूजेच्या वेळी मागून अधिकाऱ्यांचा आवाज आला, "गुरुजी, ते 'पुनरागमनाय च' जरा मोठ्यानं म्हणा." मी मोठ्याने म्हटले. पोफळींवरचे पक्षी उडाले.

आरतीनंतर शेजाऱ्यांनी उरणला फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. कारागिराने सगळे ऐकून घेतले.

"करतो की. का न्हाय करनार? बापाचं काम हाय. पन साचा भंगारात गेला. एक चाकू आना. खिळ्या तोडून खोलावा लागंल, मापं घ्यावी लागतील. मंग बनवतो पायजेल तेवढे."

देव प्रसन्न होऊन दारात उभा राहावा आणि त्याने एक लहानसा बळी मागावा, तशी अकराही जणांची अवस्था झाली.

"माझा तर शक्यच नाही," एक जण म्हणाले, "माझा पहिल्या खेपेचा आहे." दुसऱ्यांनी चाकू मुलाच्या नावे करून ठेवला होता. तिसरे म्हणाले, "तत्त्व म्हणून मी तयार आहे, पण पत्नीला विचारावं लागेल." अधिकारी चौरंगाजवळ सरकले आणि त्यांनी आपली पिशवी अलगद खिशात घातली. मग एकेकाची नजर रांगेच्या शेवटी गेली.

खिळ्या तोडायच्या म्हणजे गुरूंनी ठेवलेल्या वस्तूवर घाव घालायचा, आणि ती पुन्हा जुळेलच असे नाही. घरातून सौभाग्यवती बाहेर आली. तिने पानाचे तबक ठेवले आणि सहज विचारले, "विहिरीवरची झाकणं उद्या किती वाजता काढू?"

"मी देतो," मी म्हणालो.

"गुरुजी, तुमची धन्य आहे!" अधिकारी गहिवरून म्हणाले. त्यांचा हात मात्र खिशातच होता.

दसऱ्याच्या सकाळी शेजाऱ्यांच्या गाडीतून माझे सीमोल्लंघन झाले. कंटेनरांच्या रांगांमधून वाट काढीत, मिठागरांच्या कडेने आम्ही त्या शेडपाशी पोहोचलो. ऐरणीला झेंडूची माळ होती आणि कारागीर खुर्चीवर पेपर वाचत होता, साधारण माझ्याच वयाचा. मी चाकू ऐरणीवर ठेवला. त्याने तो उचलून डोळ्याशी धरला, मुठीच्या आतल्या बाजूने नख फिरवले आणि हसला.

"ह्यो बापाच्या हातचा. हितं तीन टिंबं हायत बगा. गुरुजी, तुमच्याकडं कसा आला ह्यो?"

"माझ्या गुरूंकडून. दर्भ कापण्यासाठी." आणि सवयीने मी त्याला वाकड्या टोकाचे प्रयोजनही समजावून सांगितले.

माझे पूर्ण झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, राग मानू नका. ह्यो कालवांचा चाकू. खडकावरची कालवं फोडायला बाप बनवायचा, कोळणींसाठी. वाकडं टोक शिंपल्यात घालायचं आन् असं उलटं पिरगळायचं."

त्याने हवेत पिरगळून दाखवले. शेजारी एकाएकी कंटेनर मोजू लागले. मला क्षणभर माझे सगळे विद्यार्थी रांगेत उभे दिसले.

"मग दर्भ कापला तर चालतो का?" मी विचारले. यापेक्षा बरा प्रश्न मला सुचला नाही.

"चाळीस वरीस कापलाव ना?" तो म्हणाला. "मंग चालतो."

मग त्याने छिन्नी घेतली. मी डोळे मिटले. तीन घाव ऐकू आले.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. केळीचे पान कापण्यासाठी मी विळीला हात लावला की सौभाग्यवती म्हणे, "तिला नारळाची सवय आहे, देवाची नाही," आणि पान स्वतः कापून देई. बोट मात्र भरून आले.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी शेजारी एक खोके घेऊन आले. आत अकरा नवे चाकू होते, तीच मूठ, तेच टोक, आणि कागदात वेगळा बांधलेला माझा. नवी कमान, नव्या खिळ्या, बाकी सारे जुने. पाते उघडले तर 'टक्' असा आवाज झाला. तो मी निदान दहा वर्षे ऐकला नव्हता.

मंडळात मात्र आनंद दिसेना. एकाला नव्या चाकूंचे पितळ जरा जास्त चमकते असे वाटले, दुसऱ्याला तो 'टक्' जुन्यासारखा वाटेना. तिसऱ्यांनी खरे काय ते सांगितले, की आता हा चाकू कोणालाही मिळेल, मग आमच्याजवळच्यांना काय अर्थ? अधिकाऱ्यांनी मला खासगीत लिहिले, "गुरुजी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचाही आता ओरिजिनल राहिला नाही. उघडला गेला." दोनच दिवसांत मंडळी दुसऱ्या एका बंद पडलेल्या चाकूसाठी झुरू लागली. हरवलेल्यावर प्रेम करणे सोपे असते. परत आलेल्याला बसायला जागा द्यावी लागते.

खोके आले त्याच संध्याकाळी मी माझा चाकू घेऊन देवघराशी आलो होतो. कालवांची गोष्ट इतके दिवस मी घरात बोललो नव्हतो. पण सोवळ्यात लपवाछपवी बरी नव्हे, म्हणून सांगून टाकली. सौभाग्यवती फुले निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"लग्नापासून. माझ्या माहेरी समोरची कोळीण याच्यानंच कालवं फोडायची. आमच्या अंगणात बसून."

"अगं, मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?"

"तुम्ही मुलांना दर्भाचं इतकं छान समजावून देत होतात," ती म्हणाली. "मलाही ऐकायला आवडायचं."

तिने माझ्या हातातून चाकू घेतला नाही. पाट ओढून पुढे केला. मी तो पाटावर ठेवला, तिने उचलून ओल्या फडक्याने पुसला, पाते दोनदा उघडून मिटून पाहिले आणि पुन्हा पाटावर ठेवला.

"घ्या. उद्या ऊस कापायचा आहे."