टाकीची तिसरी पायरी

“मी जिथं उभा असतो तिथं अस्वल नसतं, एवढं या फोनला कुणी सांगितलंय का?”

ठसेमामा एकदा असं म्हणाले होते. दोन वर्षांपूर्वी, वनखात्याच्या याच खोलीत, ऑपरेटर ताईच्या टेबलासमोर बसून. नवा फोन त्यांनी घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसा तळहातावर धरला होता. ताई हसली. पलीकडचा कारकूनही हसला. मामांचं बोलणं नेहमीच अर्धं थट्टेचं, अर्धं कुठून तरी खोलातून आलेलं. त्यातलं कुठलं अर्धं कुठलं, हे निवडत बसायला कुणाला वेळ होता?

मामा जंगलाचे पहारेकरी. सव्वीस वर्षं एकच डोंगर, एकच वाट. मातीतलं पाऊल बघून जनावर कोणतं, कधी गेलं, लंगडतं की पोटुशी आहे, सगळं सांगायचे, म्हणून ठसेमामा. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. डावा गुडघा कामातून गेलेला. खुर्चीत बसताना ते तो दोन्ही हातांनी धरून वाकवायचे, जसा काही तो गुडघा दुसऱ्याचा आहे आणि मामा त्याला नुसते घेऊन फिरतात.

डोंगरावर एक अस्वलीण होती. तिचा एक कान अर्धा तुटलेला, म्हणून मामांनी तिचं नाव ठेवलं होतं कानतुटकी. नऊ वर्षं ते तिच्या मागावर होते. मामी तिला सवत म्हणायची. एकदा विसरलेला डबा द्यायला ती कार्यालयात आली, तेव्हा ताईला म्हणाली, “आमच्या लग्नाचा दिवस विचार यांना, डोकं खाजवत बसतील. त्या सवतीला पिल्लू कधी झालं ते विचार, वारासकट सांगतील.”

“बुधवार होता,” मामा खाली बघून म्हणाले. कारकुनाला ठसका लागला.

पूर्वी मामांची लाल वही होती. महिन्याच्या शेवटी ती इथं यायची आणि ताई त्यातलं एकेक वाक्य कॉम्प्युटरवर चढवायची. ‘कड्याखाली, वाकड्या झाडाजवळ, पाऊल ताजं, पिल्लू सोबत.’ मग वरून हुकूम आला: वह्या बंद, यापुढे नोंद फोनवरच. फोनवरच्या नोंदींचा नकाशा आपोआप बनेल, आणि कुठल्या जनावराला कुठं राहू द्यायचं, कुठून हलवायचं, ते त्या नकाशावरून ठरेल.

मामांना फोन शिकवला तो ताईनंच. “मामा, एकच लक्षात ठेवा. नेटवर्क असल्याशिवाय फॉर्म उघडायचाच नाही. नाहीतर भरलेलं सगळं उडतं.”

मामांनी ते लक्षात ठेवलं. त्यांच्या आख्ख्या वाटेवर नेटवर्क एकाच जागी यायचं, डोंगराच्या पायथ्याशी, शाळेमागच्या पाण्याच्या टाकीवर. तेही तिसऱ्या पायरीवर. दुसरीवर नाही, चौथीवर नाही. वर कड्याखाली अस्वलाचं पाऊल दिसलं की ते मनाशी घोकत चार किलोमीटर खाली यायचे, तिसऱ्या पायरीवर उभे राहायचे, चष्मा लावून फॉर्म उघडायचे. फॉर्म उघडला की फोन आपसूक जागा टिपायचा. अस्वलाची नाही. मामांची.

हे ताईला कळलं सोमवारी, नकाशा छापून निघाला तेव्हा. वर कड्यावर एकही ठिपका नव्हता. खाली मात्र शाळेला गोवर उठावा तसे एकेचाळीस लाल ठिपके. नकाशाच्या तळाशी कॉम्प्युटरनंच लिहिलं होतं: अतिधोका. शिफारस: पकडून कायमचं बंदिस्त ठेवावं.

ताईनं नोंदी एकेक करून उघडल्या. प्रत्येक नोंदीच्या तळाशी ‘शेरा’ म्हणून एक खाना असतो. तो सहसा कुणी भरत नाही. मामांनी एकेचाळीस वेळा भरला होता. ‘इथं नाही. वर कड्याखाली.’ ‘इथं नाही. कड्याच्या मागल्या अंगाला.’ ‘इथं नाही, पायरीवर मी आहे.’ एका नोंदीत नुसतंच: ‘इथं नाही हो.’

नकाशा शेरा वाचत नाही.

मंगळवारी मामा आले तेव्हा अंगणात पाणी मारलेलं होतं. चिखलाचे बूट घेऊन ते तसेच आत आले. फरशीवर ठसे उमटले, उजवा ठसठशीत, डावा पुसट. कार्यालयाच्या साहेबांनी खुर्ची पुढे केली. साहेब वाईट माणूस नव्हता, आणि हीच मोठी पंचाईत होती. भांडायला समोर कुणी नव्हतं.

“मामा, नकाशा बघितलात?”

“बघितला. तो माझा फोटो आहे, साहेब. एकेचाळीस वेळा काढलेला.”

“ताईंनी सांगितलं मला सगळं.”

“चूक माझी आहे, साहेब,” ताई म्हणाली. “मीच तसं शिकवलं. लेखी देते.”

“द्या. मी आजच वर पाठवतो. तीन आठवड्यांत उत्तर येईल.” साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. “पिंजरा उद्या सकाळी येतोय.”

“मग नोंदी बदला ना,” मामा म्हणाले. “शेरे आहेत की खाली. मी काय गंमत म्हणून लिहिलेत?”

“महिना उलटला की नोंदीला कुलूप लागतं. मलाही उघडता येत नाही, ताईंनाही नाही. आणि नकाशा आता शाळेतल्या प्रत्येक आईबापाच्या फोनवर आहे. त्यांना काय सांगू? ठिपके दिसतात तिथं ते नाहीत म्हणून? उद्या खरंच ती खाली आली आणि एखाद्या पोरावर पंजा पडला, तर? तुम्ही हमी देता का तिची?”

अस्वलाची हमी द्यायला मामा खोटं बोलणारे नव्हते. नऊ वर्षांत ती खाली आली नव्हती. दहाव्या वर्षाचं त्यांना ठाऊक नव्हतं.

“पिल्लाचं काय?” त्यांनी विचारलं.

“शिफारशीत पिल्लाचा उल्लेख नाही.”

“ते मी शेऱ्यात लिहिलंय.”

पंखा फिरत होता. त्याचं एक पातं दर फेरीला कशाला तरी घासत होतं.

तेवढ्यात मामांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो बाहेर काढला, लांब धरला, मग ताईपुढे केला. “वाच गं पोरी, चष्मा घरी राहिला.”

तिनं वाचलं. शेवटची पायरी एवढीच उरली होती, नोंद करणाऱ्याची खात्री. ‘या एकेचाळीस नोंदी आपणच केल्या आहेत का? हो. नाही. संध्याकाळी सहापर्यंत उत्तर न आल्यास हो समजण्यात येईल.’

“नाही म्हटलं तर?”

“तर नोंदी खोट्या ठरतात,” साहेब म्हणाले. “सगळ्या रद्द. तुमच्यावर चौकशी बसते ती वेगळीच. आणि तिची दोन वर्षांची नोंदच उरत नाही. ती तिथं होती याला पुरावाच नाही. मग पलीकडची खाणवाली मंडळी डोंगर मागायला टपलेलीच आहेत. जनावर कुठाय, दाखवा, म्हणतील.”

“आणि हो म्हटलं तर उद्या पिंजरा.”

“हो.”

“म्हणजे मी खरं बोललो तर ती जाणार, आणि खोटं बोललो तर तिचा डोंगर जाणार.” मामा हसले, पण तो आवाज हसण्याचा नव्हता. “साहेब, इतकं हुशार यंत्र आणलंत, आणि खाने दोनच?”

ते ताईकडे वळले. “तिसरा खाना नाही का गं? कुठंतरी खाली? बारीक अक्षरात?”

तिनं पडदा वर सरकवला, खाली सरकवला. काही नाही हे माहीत असूनही पुन्हा एकदा सरकवला.

“नाही मामा.”

“शेरा?”

“शेरा नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. ताईला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. पण जे बोलायचं ते तिनं दोन वर्षांपूर्वीच बोलून टाकलं होतं, आणि या माणसानं ते इतक्या इमानदारीनं पाळलं होतं.

मामांनी तिच्या हातातून फोन घेतला आणि तिच्या टेबलावर ठेवला, नकाशाच्या कागदावर, पडदा वर करून. दोन्ही खाने उजळलेले होते. दोन्ही हातांनी गुडघा धरून ते उठले. टोपी घेतली. आत येताना उमटलेले आपलेच ठसे त्यांनी क्षणभर वाचले, आणि त्यांच्यावरूनच उलट्या दिशेनं बाहेर गेले.