बाणाचा दगड

कासिआनमामाकडे दोनच प्रकारची माणसं जायची: ज्यांना दार बसवून हवं असायचं ती, आणि ज्यांना बोलणी खायची हौस होती ती. तो आमच्या खोऱ्यातला सुतार. पण सुतारकाम त्याच्या मते पोटापुरतं. खरं काम वर्षातून एकदाच, जुलै संपता संपता, संत अ‍ॅनाच्या सणानंतरच्या रविवारी. त्या दिवशी तो गावापासून हिमनदीपलीकडच्या खिंडीपर्यंत वाटेवरच्या सगळ्या खुणा नव्याने रंगवायचा. लाल, पांढरी, लाल अशी वीतभर पट्टी, वळणावर बाण, बाणाखाली वर्षाचा आकडा. त्याच्या आधी त्याच्या बापाने हेच काम चाळीस वर्षं केलं होतं. दोघांनीही त्याचा छदाम कधी घेतला नाही.

घरातल्या प्रत्येकाने त्या दिवशी वर यायचंच. ताप चालायचा नाही, लग्न ठरलेलं असलं तरी चालायचं नाही. मी त्याच्या बहिणीचा मुलगा, लुइस, मला तर पाचव्या वर्षापासून रंगाचा डबा धरायला लावलेला. बायकांच्या पिशव्यांत राईचा पाव, धुरावलेलं डुकराचं मांस आणि चीज असायचं. देवदारांची रांग संपली की फुलांचं गवत लागायचं, आणि त्याच्यावर भर उन्हात गुडघाभर बर्फ. आम्ही पोरं त्यावर बसून घसरायचो, आणि वरून मामा ओरडायचा की चड्डी फाटली तर घरापर्यंत तसंच चालावं लागेल. माझ्या ब्रशातून रंग ओघळला की विचारायचा, "लुइस, हा बाण काढलायस की नाक पुसलंयस?"

रंगवण्याआधी तो प्रत्येक दगडावर हातोडी मारून कान लावायचा. जमिनीत रुतलेल्या दगडाचा आवाज भरीव येतो, नुसत्या टेकलेल्याचा पोकळ. पोकळ वाजला की तो दगड बाद, मग तो कितीही सोयीचा असो. आपल्याकडे बर्फ चालतो, आणि बर्फावरचा दगडही त्याच्याबरोबर चालतो, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. हिमनदीवर म्हणूनच रंग लावत नसत, दरवर्षी नव्या काठ्या रोवत. त्या काठ्या वाहायचा मान सेवेरिनचा, मामाच्या एकुलत्या एका मुलाचा.

सेवेरिन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. उंच, हसरा, बापाच्या शब्दाबाहेर न जाणारा. त्याची बायको बुर्गा पलीकडच्या खोऱ्यातली, जिभेला धार असलेली. त्यांची मुलगी फेरेना चार वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट.

त्या रविवारी दुपारी धुकं उतरलं. बुर्गा लेकीला घेऊन वरच्या डोंगरघरात थांबली होती. मामा बाकीच्यांबरोबर मागे खुणा रंगवत येत होता, एकमेकांना बांधायचा दोर त्याच्याच पिशवीत होता. सेवेरिन काठ्या घेऊन पुढे आणि त्याच्या मागे मी. आम्ही अजून दगडगोट्यांच्या उतारावर होतो, बर्फ सुरू व्हायला शंभरेक पावलं असावीत, आणि दोर तिथे बांधायचा असतो. तेवढ्यात धुक्यातून बाणाचा मोठा दगड आला. खुद्द आजोबांनी निवडलेला, गाईएवढा. त्याच्यावरचा मागच्या वर्षीचा बाण डावीकडे दाखवत होता.

मी थबकलो. म्हटलं, वाट इथे उजवीकडे जाते ना? सेवेरिनने काठ्या एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतल्या.

"बाबांची खूण आहे," तो म्हणाला. "त्यात काय बघायचंय?"

तो डावीकडे वळला. वीस पावलांवर त्याच्या पायाखालचं पांढरं खचलं. वरून साध्या दिसणाऱ्या त्या बर्फाखाली भेग होती. माझ्या हाकांमागे बाकीचे धुक्यातून धावत आले, बाणाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. संध्याकाळी त्याला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

चार दिवसांनी मोठा पाऊस झाला आणि तो सगळा उतारच ढासळून खालच्या घळीत गेला, बाणाच्या दगडासकट. दफनविधी उरकल्यावर मामा वर जाऊन आला, त्याला मोकळी जागा दिसली. घरी येऊन त्याने मला एकच विचारलं, बाण दिसला होता का? त्याचा चेहरा पाहून मला धीर झाला नाही. मी म्हणालो, धुकं होतं मामा, काहीच दिसलं नाही. एवढ्याने त्याचं दुःख निम्मं होईल असं मला वाटलं होतं.

त्याचं दुःख निम्मं झालं की नाही, देव जाणे. त्याचं उरलेलं निम्मं मात्र रागात गेलं. "खूण दिसली नाही तर थांबायचं. एवढं साधं शिकवलं होतं मी," हे तो चर्चच्या पायऱ्यांवर म्हणायचा, खानावळीत म्हणायचा, नाताळच्या जेवणावर म्हणायचा. बापच म्हणतो म्हटल्यावर गावही म्हणू लागलं. सेवेरिन उतावळा होता, हे आमच्याकडे म्हणीसारखं झालं. उतावळा तो कधीच नव्हता. फेरेनाने दूध सांडलं की बुर्गा म्हणायची, बापावर गेलीस, थांबायचं म्हणून माहीत नाही. मी हे ऐकायचो आणि गप्प बसायचो. पहिल्या वर्षी बोलणं अवघड होतं, पाचव्या वर्षी त्याहून अवघड झालं, आणि मग मी तो विचारच सोडून दिला.

बाराव्या वर्षी मामा एकोणऐंशीचा होता. गुडघे गेले होते. बुर्गाने सांगून पाहिलं की बाबा, या वर्षी तुम्ही नका येऊ. त्याने तिला विचारलं की मग रंग काय तुझी जीभ लावणार? आम्ही चौघंच निघालो: मामा, बुर्गा, मी, आणि सोळा वर्षांची फेरेना. तो उन्हाळा फार कडक होता. हिमनदी इतकी आटली होती की ओळखू येत नव्हती.

फेरेना पुढे होती. तिनेच घळीतून हाक मारली.

"आजोबा, तुमची खूण इथे पडलीय!"

मामा बसून, घसरत, माझा हात झिडकारत खाली उतरला. दरडीखालून उघडा पडलेला दगड कुशीवर होता, बाण आभाळाकडे होता, आणि आकडा वाचता येत होता. पण मामा दगडाकडे बघतच नव्हता. तो वर बघत होता, जिथे तो दगड पूर्वी उभा असायचा. माती वाहून गेली होती आणि तिथे निळा बर्फ उघडा पडला होता. आजोबांच्या वेळेपासून तो दगड बर्फावर बसलेला होता, आणि आम्ही त्याला डोंगर समजत होतो. बर्फ सरकला तसा तोही फिरला होता, आणि त्याच्याबरोबर बाण.

"लुइस," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्हाला हा दिसला होता?"

मी बारा वर्षं तयार ठेवलेलं उत्तर माझ्या तोंडून निघेना. म्हणालो, "दिसला होता, मामा."

"बाण?"

"डावीकडे."

"आणि तो?"

सेवेरिनचे शब्द मी जसेच्या तसे सांगितले. मामाने टोपी काढली.

"हा एकच दगड मी कधी ठोकून पाहिला नाही," तो म्हणाला. "वडिलांनी निवडलेला. म्हटलं, त्यात काय तपासायचं." मग त्याने नातीला जवळ बोलावलं. "फेरेना, नीट ऐक. तुझा बाप उतावळा नव्हता. मी दाखवलं तिकडे तो गेला. गावात हे मी सांगेन, तू नको सांगूस."

फेरेना रडू लागली. मला वाटलं, आता बुर्गा म्हाताऱ्याला फाडून खाणार. तिने त्याच्या हातातली टोपी घेतली, झटकली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. मग ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"बारा वर्षं मी त्याच्या थडग्यापाशी भांडतेय," ती म्हणाली. "मेणबत्ती लावायची आणि बोल लावायचे, की तुला दोन मिनिटं थांबता आलं नाही, पोर टाकून गेलास. तू शेजारी उभा असायचास, लुइस."

मी म्हणालो की मामासाठी गप्प बसलो. त्याला ते सोसलं नसतं.

"तुझ्या मामाला सोसावं लागू नये म्हणून माझा नवरा मूर्ख ठरवलास."

खाली येताना तिने मामाचा हात धरला होता, पार गावापर्यंत. पुढच्या रविवारी मामा चर्चमध्ये उठून उभा राहिला आणि सगळं बोलला, स्वतःला काही सूट न देता. मला भीती होती की खरं कळलं तर तो मोडून पडेल. तो पडला नाही. त्यानंतर दोन वर्षं जगला आणि मुलाबद्दल बोलताना त्याचा आवाज मऊ झालेला आम्ही सगळ्यांनी ऐकला. मी तेव्हाच बोललो असतो तर त्या दोन वर्षांऐवजी त्याला चौदा मिळाली असती.

मृतांच्या दिवशी मी अजून सेवेरिनच्या थडग्यावर जातो. बुर्गा आधीच आलेली असते. ती मेणबत्ती लावते, आता भांडत नाही. मी आलो की माझ्यासाठी जागा करून बाजूला होते, आणि मी निघेपर्यंत एक शब्द बोलत नाही.